मागच्या आसाची साक्ष

१९४७ च्या जून महिन्यात शेव्हरोलेने युद्धोत्तर काळातील आपली पहिली सर्वस्वी नव्या घडणीची मालवाहू गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली. तिच्या अर्ध्या टनाच्या, ३१०० या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पिकअपमध्ये सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंच क्षमतेचे आणि ९० अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि त्या इंजिनाची शक्ती मागच्या चाकांच्या हवाली होण्यापूर्वी तिचा वेग घटवून जोर वाढविणारी, ४.११ गुणोत्तराची दातेरी चक्रांची एक जोडी मागच्या आसाच्या पोटात तेलात बुडून बसलेली होती. अशा जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये बॉनेटच्या गोलाईची, जाळीच्या आडव्या पट्ट्यांची, इंजिनाच्या मूळ रंगाची चर्चा रात्र रात्र चालते आणि ती चालणे योग्यही आहे. परंतु गाडी रस्त्यावर कशी वागेल, चढावर दम कसा धरेल, सपाटीवर किती सुखाने धावेल, एका गॅलन पेट्रोलमध्ये कुठवर जाईल, हे जितके त्या दृष्टीआड असलेल्या जोडीवर अवलंबून असते, तितके बाहेरून दिसणाऱ्या कोणत्याही अवयवावर नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या जोडीचा आकडा निश्चित कसा करावा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या जोडीचे कार्य दुहेरी आहे. गिअरबॉक्सपासून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरत असतो आणि चाकांचा आस त्याला आडवा असतो. तेव्हा गतीची दिशा काटकोनात वळविणे हे पहिले काम, आणि वळविता वळविता वेग घटवून त्याच प्रमाणात पीळ वाढविणे हे दुसरे. शाफ्टच्या टोकाला असते ते लहान चक्र म्हणजे पिनियन, आणि त्याच्याकडून फिरविले जाणारे मोठे, परातीसारखे चक्र म्हणजे क्राऊन. क्राऊनला ३७ दाते आणि पिनियनला ९ दाते असतील, तर क्राऊनचा एक फेरा पुरा होण्यासाठी पिनियनला ३७ भागिले ९, म्हणजे ४.११ फेरे घ्यावे लागतात, आणि याच भागाकाराला आपण मागच्या आसाचे गुणोत्तर म्हणतो. आकडा जितका मोठा, तितकी चाकांची ओढ अधिक आणि त्याच वेगासाठी इंजिनाला घ्यावे लागणारे फेरेही अधिक. आकडा जितका लहान, तितके इंजिन निवांत आणि चढावर, ओझ्याखाली तितकेच लवकर हतबल.

ही तफावत केवळ कागदावरची नव्हे. २८ इंच व्यासाच्या टायरांवर उभी असलेली पिकअप टॉप गिअरमध्ये ताशी ६० मैलांच्या, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरच्या, वेगाने चालली असता ४.११ गुणोत्तराच्या आसावर इंजिन मिनिटाला सुमारे २,९६० फेरे घेते; ३.७३ वर तेच २,६९० च्या आसपास येतात आणि ३.०७ वर सुमारे २,२१०. आता ज्या २१६ इंचांच्या इंजिनाचा वर उल्लेख केला, त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बॅबिट धातू ओतून घडविलेली असत आणि त्यांना तेल मिळे ते मुख्यतः पळ्यांनी उडविलेल्या आणि कारंज्याने फेकलेल्या तेलातून. अशा इंजिनाने तासनतास तीन हजारांच्या घरात फेरे घ्यावेत अशी अपेक्षा त्याच्या रचनाकारांनीही केली नसावी. त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो शेतावरून गावच्या बाजारापर्यंत जाणारा मातीचा रस्ता, मागच्या हौद्यातील धान्याची पोती आणि ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांची चाल. त्या रस्त्याला ४.११ हे गुणोत्तर अत्यंत अनुरूप होते. पाऊण टनाच्या ३६०० क्रमांकाच्या गाडीला तर ४.५७ आणि एक टनाच्या ३८०० ला ५.१४ इतके मोठे आकडे देण्यात आले होते. पुढे २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि दोन दशकांत त्या देशाच्या रस्त्यांचे रूपच पालटले. त्या पालटलेल्या रस्त्यांचे प्रतिबिंब पिकअपच्या आसात इतके स्वच्छ पडलेले आहे, की १९६७ ते १९७२ च्या शेव्हरोलेच्या सी-१० पिकअप गाड्यांना ४.११ च्या जोडीने ३.७३ आणि ३.०७ ही गुणोत्तरेही मिळू लागलेली आपल्याला दिसतात.

एखादी पिकअप साठ-सत्तर वर्षे टिकली असेल, तर या काळात तिचा मागचा आस एकदाही उघडला गेला नसेल असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. कोणी महामार्गावर पळण्यासाठी लहान आकड्याची जोडी घातली असेल, कोणी भंगारातून हाताला लागेल तो संपूर्ण आसच खाली बसविला असेल, कोणी घोड्यांची गाडी ओढण्यासाठी मोठ्या आकड्याकडे परतला असेल. जमिनीच्या उताऱ्यावर नाव एकाचे आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, असा जो प्रकार आपल्या महसुली दफ्तरांत नेहमी आढळतो, तसाच तो येथेही असतो. कारखान्याचा कागद गाडीच्या जन्माची साक्ष देतो, वर्तमानाची साक्ष मात्र केवळ लोखंड देऊ शकते. म्हणून या शोधात पुराव्यांची प्रतवारी आधी मनाशी ठरवावी लागते, आणि कागदाला मान देऊनही अंतिम निवाडा दात्यांकडेच सोपवावा लागतो.

या दात्यांना त्यांचे आजचे रूप येईपर्यंत बराच काळ जावा लागला. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते, ही अडचण सोडविणारी डिफरन्शियलची योजना ओनेझिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी १८२७ च्या सुमारास सिद्ध केली. शंक्वाकार दातेरी चक्रे यंत्राने कापण्याची विद्या अमेरिकेत रॉचेस्टर येथील विल्यम ग्लीसन यांनी १८७४ मध्ये साध्य केली, आणि त्यांच्याच कारखान्याच्या पुढील पिढीने हायपॉइड प्रकारच्या दात्यांचा मार्ग मोकळा केला. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात पॅकार्ड मोटारींनी तो प्रथम चोखाळला. हायपॉइडमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून खाली सरकविलेला असतो. त्यामुळे शाफ्ट खाली येतो, दाते अधिक लांबीवर एकमेकांना भिडतात आणि आवाज कमी होतो. परंतु दाते केवळ एकमेकांवर लोळत नाहीत, तर घसरतही जातात, आणि म्हणूनच त्यांना साधे तेल पुरत नाही, गंधकयुक्त, उग्र वासाचे खास तेल लागते. आस उघडण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला तो वास पुन्हा ओळखू आल्यावाचून राहत नाही.

आता पुराव्यांकडे वळू. पहिला पुरावा कागदाचा. १९६७ नंतरच्या शेव्हरोले आणि जी.एम.सी. पिकअपमध्ये ग्लव्ह बॉक्सच्या दाराच्या आतल्या अंगाला एक तपशीलपत्रक चिकटविलेले असे, आणि त्यावर कारखान्याने त्या विशिष्ट गाडीला दिलेल्या खास सामग्रीची नोंद असे. सत्तरीच्या दशकातील व त्यानंतरच्या पत्रकांवर ही नोंद सांकेतिक अक्षरांत आढळते: जी टी ४ म्हणजे ३.७३, जी यू ६ म्हणजे ३.४२, जी टी ५ म्हणजे ४.१०, आणि जी ८० ही खूण दिसली तर आस साधा नसून चाके निसटू न देणाऱ्या, म्हणजे निसटबंदी, जातीचा, असे समजावे. फोर्डच्या एफ-१०० गाड्यांवर हीच माहिती दाराला ठोकलेल्या धातूच्या पट्टीवर, आसाच्या रकान्यात एका संकेताने दिलेली असते, आणि तो संकेत त्या त्या वर्षीच्या कोष्टकातच पाहावा लागतो, कारण संकेतांचे अर्थ वर्षागणिक बदललेले आहेत. कागद शाबूत असेल तर तो जपून ठेवावा, त्याची नक्कल करून घ्यावी. परंतु त्यावरून एवढेच सिद्ध होते की कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना गाडीचा आस अमुक होता. आणि ज्या दाराला ती पट्टी ठोकलेली आहे, ते दारच दुसऱ्या गाडीवरून आलेले असण्याची शक्यता जुन्या पिकअपच्या बाबतीत कधीही दूर नसते.

दुसरा पुरावा खुद्द आसावरचा. फोर्डने १९५७ मध्ये प्रचारात आणलेला नऊ इंची आस, म्हणजे ज्याच्या क्राऊनचा व्यास नऊ इंच आहे तो, या विषयातील सर्वांत प्रसिद्ध नमुना. याला मागून उघडणारे झाकण नसते. दहा नटांनी बसविलेला अवजड मध्यभाग पुढच्या बाजूने क्राऊन-पिनियनसह संपूर्ण बाहेर येतो. त्या नटांपैकी एकाखाली एक लहानशी पत्र्याची पट्टी अडकवून तिच्यावर गुणोत्तर उमटविण्याची फोर्डची पद्धत होती. ‘३ ५०’ असे आकडे दिसले तर ३.५० गुणोत्तराचा साधा आस, आणि दोहोंच्या मध्ये अक्षर येऊन ‘३ एल ५०’ असे दिसले तर तेच गुणोत्तर, परंतु निसटबंदी असलेला आस. स्पायसर कंपनीच्या परंपरेतील डाना आसांवरची पट्टी मला याहून अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यावर पुष्कळदा भागाकाराबरोबर ‘४१-११’ असे दात्यांचे आकडेही असतात, आणि दात्यांच्या आकड्यांत घोळाला वाव उरत नाही. शेव्हरोलेच्या बारा बोल्टांच्या झाकणाच्या आसावर मात्र पट्टीवर विसंबू नये. तेथे आसाच्या उजव्या नळीच्या पुढच्या बाजूला ठोकलेली अक्षरे तारेच्या ब्रशाने व रॉकेलने स्वच्छ करून वाचावी लागतात. दुर्दैव असे की पट्टी ही नटाखाली असते, आणि ज्याने पूर्वी नट काढला त्याने ती पुन्हा बसविण्याची तसदी घेतलीच असेल, किंवा नवी जोडी घातल्यावर जुनी पट्टी काढून टाकलीच असेल, याची हमी कोण देणार? पट्टी सापडली तर आनंद मानावा आणि तरीही पुढील चाचणी करावीच.

ती चाचणी म्हणजे फेरे मोजण्याची, आणि या सर्व उद्योगातील खरा रस तिच्यातच आहे. तिला खडू, जॅक, आसाखाली देण्याचे भक्कम घोडे, पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी लावण्याचे लाकडी ठोकळे आणि एक सोबती यांखेरीज काही लागत नाही. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये असावा लागतो आणि हँडब्रेक सोडलेला असावा लागतो, कारण या बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो. म्हणजे गाडीला जागेवर रोखणारे दुसरे काहीही उरत नाही, आणि म्हणून ठोकळ्यांच्या बाबतीत हयगय करणाऱ्याने ही चाचणी करूच नये. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली तर कोणीही शिरू नये.

दोन्ही मागची चाके उचलून प्रथम एक चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्याकडे पाहावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरू लागले तर डिफरन्शियल साधे आहे. त्याच दिशेने फिरले तर निसटबंदीचे. जुन्या निसटबंदी आसातील घर्षणपट्ट्या झिजून गेल्या असतील तर तोही साध्यासारखाच वागतो, तेव्हा एवढ्यावरून मूळ जात ठरवू नये. मात्र मोजणीपुरते त्याचे आजचे वर्तन हेच प्रमाण मानावे. हे उलट फिरणे काय सांगते, ते समजून घेणे अगत्याचे आहे. क्राऊनच्या पोटातील छोट्या चक्रांची योजना अशी असते की दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी सदैव क्राऊनच्या फेऱ्यांइतकीच भरते. एक चाक पुढे एक फेरा आणि दुसरे मागे एक फेरा गेले, तर सरासरी शून्य. म्हणून शाफ्ट जागचा हलत नाही. तेच एक चाक धरून ठेवले आणि दुसरे दोन फेरे फिरविले, तर सरासरी एक. म्हणजे क्राऊनचा बरोबर एक फेरा, आणि त्या अवधीत शाफ्टने घेतलेले फेरे हेच गुणोत्तर. साध्या आसात एक चाक जमिनीवर टेकवून दुसऱ्याचे दोन फेरे मोजावेत, आणि निसटबंदी आसात दोन्ही चाके उचलून एकच फेरा मोजावा, हा जो नियम सांगितला जातो, त्याचे सारे मर्म या सरासरीत आहे. ते ठाऊक नसल्यामुळे ३.७३ चा आस १.८६ चा असल्याचा विलक्षण निष्कर्ष काढून गोंधळात पडणारे लोक पुष्कळ असतात.

टायरच्या कडेला एक आणि शाफ्टवर एक अशा खडूच्या दोन खुणा कराव्यात, आणि प्रत्येकीसमोर जमिनीवर किंवा आसावर एक स्थिर खूण नेमावी. दाते एकमेकांत किंचित ढिले असतात, म्हणून मोजणीला आरंभ करण्यापूर्वी चाक ज्या दिशेने फिरवायचे त्याच दिशेने थोडे फिरवून ती ढिलाई काढून घ्यावी, आणि मग मध्येच मागे येऊ नये. दोन फेऱ्यांत शाफ्ट साडेतीन फिरला की पावणेचार, हे डोळ्यांनी ठरविणे अवघड नाही, पण ३.५० आणि ३.५५ यांतला भेद एवढ्याने कळणार नाही. त्यासाठी चाकाचे वीस फेरे, म्हणजे क्राऊनचे दहा, मोजावेत. मग ३.५० च्या आसावर शाफ्टचे बरोबर ३५ फेरे होतात आणि ३.५५ च्या आसावर साडेपस्तीस, आणि अर्धा फेरा कोणाच्याही नजरेला लपत नाही. वीस फेरे संथपणे, एकाने मोठ्याने आकडा उच्चारीत आणि दुसऱ्याने शाफ्टकडे टक लावून पुरे करावेत. या कामात घाई करण्यासारखे काहीच नसते.

शेव्हरोलेच्या ज्या ३१०० गाडीपासून आपण आरंभ केला, तिच्या बाबतीत येथे एक मोठी अडचण उभी राहते. १९५४ च्या मॉडेलपर्यंत त्या अर्ध्या टनाच्या गाड्यांचा प्रोपेलर शाफ्ट उघडा नव्हता; तो एका जाड नळीत बंदिस्त असे, आणि गाडीला पुढे ढकलण्याचा चाकांचा सारा जोर ती नळीच झेलत असे. खाली वाकून पाहणाऱ्याला शाफ्ट दिसतच नाही, मग खूण कुठे करावी? उपाय असा की मोजणी शाफ्टऐवजी इंजिनावर न्यावी. या गिअरबॉक्समध्ये टॉप गिअर म्हणजे सरळ जोडणी. इंजिनाचा क्रँक आणि शाफ्ट तेव्हा फेऱ्याला फेरा फिरतात. म्हणून बॅटरीची तार सोडवून, सहाही स्पार्क प्लग काढून, टॉप गिअर टाकून चाक हळूहळू फिरवावे आणि पुढे क्रँकच्या पुलीवर केलेली खूण सोबत्याने मोजावी. प्लग काढलेले असल्यामुळे सिलिंडरांत हवा कोंडत नाही, तरीही इंजिनाचे घर्षण अंगावर येते आणि चाक फिरविणाऱ्याच्या दंडाची परीक्षा होते. परंतु उत्तर तितकेच खरे मिळते. १९५५ च्या मॉडेलपासून नळी गेली, शाफ्ट उघडा झाला, आणि हा खटाटोपही संपला.

फेऱ्यांची मोजणी कितीही काळजीपूर्वक केली तरी ४.१० आणि ४.११, किंवा ३.०७ आणि ३.०८, यांच्यातील भेद तिच्या आवाक्याबाहेर राहतो. तेथे दातेच मोजावे लागतात. ज्या आसांना मागून झाकण असते, त्यांच्याखाली तेलासाठी पसरट भांडे ठेवून झाकण सैल करावे, तेल गळू द्यावे, आणि क्राऊनच्या एका दात्याला खूण करून तो पुन्हा समोर येईपर्यंत दाते मोजावेत. क्राऊनच्या कडेवर कारखान्याने दोन्ही आकडे बहुधा कोरलेलेच असतात, आणि ते वाचता आले तर मोजण्याचे कारणच राहत नाही. पिनियन मात्र क्राऊनच्या आड दडलेले असल्यामुळे त्याचे दाते मोजणे गैरसोयीचे असते. परंतु ते मोजण्याची गरजही नाही, आणि ही गोष्ट मला या विषयातील सर्वांत सुंदर वाटते: दात्यांची संख्या पूर्णांकच असू शकते. क्राऊनचे दाते ४१ भरले आणि फेऱ्यांच्या मोजणीने गुणोत्तर ढोबळमानाने ३.७ आले, तर ४१ भागिले ३.७ म्हणजे ११.०८, पिनियनला अकरा पूर्णांक आठ शतांश दाते असणे अशक्य, म्हणून ते अकराच असले पाहिजेत, आणि गुणोत्तर ४१ भागिले ११, म्हणजे ३.७३ हे निर्विवाद ठरते. क्राऊन ३७ आणि मोजणी ४.१ असेल, तर पिनियन नऊ दात्यांचे आणि गुणोत्तर ४.११, क्राऊन ४१ आणि मोजणी तीच असेल, तर पिनियन दहाचे आणि गुणोत्तर ४.१०. एक ढोबळ माप आणि एक अचूक संख्या यांच्या संयोगातून दुसरी अचूक संख्या अशी आपोआप निष्पन्न होते.

४१, ३७, ४३ असे हे विषम आणि वरकरणी चमत्कारिक आकडेच कारखान्यांनी का निवडले, असा प्रश्न जिज्ञासू वाचकाला पडला असेल. ४० आणि १० दात्यांची जोडी केली तर गुणोत्तर नेटके ४ येईल, पण पिनियनचा प्रत्येक दाता आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दात्यांना भिडत राहील; त्यांपैकी एकावर सूक्ष्म ओरखडा असला तरी तो त्याच दात्यावर अखंड घासला जाईल. ४१ आणि ११ यांना सामाईक विभाजक नाही. म्हणून एकच जोडी पुन्हा भेटण्यापूर्वी ४५१ दाते भिडून जातात, प्रत्येक दात्याची प्रत्येक दात्याशी गाठ पडते, आणि झीज सर्वांत सारखी वाटली जाते. फोर्डच्या ३९ आणि १३ दात्यांच्या, बरोबर ३.०० गुणोत्तराच्या जोडीत असे होत नाही. तेथे पिनियनच्या दात्याला तीनच सोबती लाभतात. ३५ आणि १० च्या, ३.५० गुणोत्तराच्या जोडीत सात लाभतात. म्हणूनच अशा जोड्यांवर जुळणीच्या खुणा केलेल्या असतात, आणि आस पुन्हा जोडताना त्या खुणा जुळवून घेणे बंधनकारक असते. कारखान्यात जे दाते एकमेकांबरोबर घासून जुळविले गेले, तेच पुन्हा समोरासमोर यावेत हा त्यामागील हेतू. झाकण उघडल्यावर अशा खुणा दिसल्या, तर त्यावरूनही जोडीच्या आकड्यांबद्दल अनुमान बांधता येते.

अमेरिकेत ज्ञात असलेल्या या गोष्टी आपल्याकडे अगदीच अपरिचित होत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९४७ पासून डॉज आणि फार्गो मालगाड्यांची जुळणी होत असे. त्या गाड्यांमुळे क्राऊन आणि पिनियन हे शब्द आपल्या मेस्त्रींच्या बोलण्यात रुळले, आणि आजही सुट्या भागांच्या बाजारात ही जोडी दशांशाच्या आकड्याने नव्हे, तर दात्यांच्या दोन आकड्यांनी मागितली व दिली जाते. अमेरिकन हौशी माणसाच्या ‘तीन त्र्याहत्तर’ या भाषेपेक्षा ही ‘अकरा-एकेचाळीस’ ची भाषा मला शास्त्रदृष्ट्या अधिक शुद्ध वाटते.

आस उघडणे शक्य नसेल, गाडी उचलण्याची सोय नसेल, तर रस्त्यावरूनही आकड्याचा अंदाज काढता येतो. इंजिनाचे मिनिटाचे फेरे गुणिले टायरचा इंचांतील व्यास, आणि त्या गुणाकाराला ताशी मैलांतील वेग गुणिले ३३६ याने भागिले की गुणोत्तर मिळते. हे ३३६ कोठून येते? एका मैलात ६३,३६० इंच असतात. त्यांना तासाच्या ६० मिनिटांनी भागून, भागाकाराला वर्तुळाच्या परिघाच्या ३.१४१६ या प्रमाणाने पुन्हा भागिले की ३३६ उरतात. २८ इंची टायर, ३,००० फेरे आणि ताशी ६० मैल असतील, तर उत्तर ४.१७ येते, आणि त्याच्या जवळचे प्रचलित गुणोत्तर ४.११ असल्याने तेच मानावे. थोडी तफावत राहते ती बहुतांशी टायरमुळे. ओझ्याखाली तो चेपतो आणि त्याचा कामाचा व्यास मोजलेल्या व्यासापेक्षा कमी भरतो. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये फेऱ्यांचा काही भाग निसटतो, आणि ओव्हरड्राइव्ह लागलेला असेल तर सारा हिशेबच चुकतो. म्हणून हे दोन्ही आधी तपासून घ्यावेत. वेग मात्र स्पीडोमीटरवर कधीच वाचू नये. अमेरिकेच्या महामार्गांवर मैलामैलाला आकड्यांच्या पाट्या असतात; दोन पाट्यांमधले अंतर तोडायला बरोबर साठ सेकंद लागले, तर वेग ताशी साठ मैल, आणि हा दाखला खोटा ठरत नाही.

स्पीडोमीटरवर विसंबू नये याचे कारण असे की त्याची तार गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बसविलेल्या लहान प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या चक्राने फिरविली जाते. ते चक्र शाफ्टचे फेरे मोजते, चाकांचे नव्हे, आणि त्याच्या दात्यांची संख्या कारखान्याने मूळ आसाला अनुसरून ठरविलेली असते. आस बदलला आणि ते चक्र बदलले नाही, तर काटा खोटे बोलू लागतो, परंतु तो नेहमी एकाच प्रमाणात खोटे बोलतो, आणि त्यामुळे त्याच्या खोटेपणाचाही पुरावा म्हणून उपयोग करता येतो. ४.११ च्या जागी ३.७३ ची जोडी आलेली असेल, तर खऱ्या ६० मैलांच्या वेगात शाफ्ट पूर्वीपेक्षा कमी फिरतो आणि काटा साडेचोपन्नाच्या आसपास रेंगाळतो. टायर मूळ मापाचे असून पाट्यांवरचे ६० आणि काट्यावरचे साडेचोपन्न यांचा मेळ बसत नसेल, तर साडेचोपन्न भागिले ६० याला ४.११ ने गुणावे, येणारे ३.७३ हे मागच्या आसात आज प्रत्यक्ष बसलेल्या जोडीचे गुणोत्तर होय, आणि त्यानुसार स्पीडोमीटरचे चक्र बदलून घेतले की काटाही पूर्ववत खरा वेग दाखवू लागतो.